पाण्याचे वजन आणि पाण्याची प्रत

बाजारपेठेत माल आला की त्याविषयी दोन प्रश्न विचारले जातात. माल किती आहे, आणि माल कसा आहे? गुळाचा रवा नुसता तोलून भागत नाही. तो फोडून आतील रंग व दाणा पाहिल्यावाचून सौदा पुरा होत नाही. निपाणीच्या वखारीत तंबाखूचे बोद कितीही रचलेले असोत, हाताला त्याचा कस लागल्याखेरीज कोणी भाव उच्चारीत नाही. वजन आणि प्रत ही मालाची दोन अंगे होत, हे आपल्या सभासदांना सांगावयास नको. परंतु ज्या पाण्यावर आपली शेती, आपले कारखाने आणि आपली घरे चालतात, त्या पाण्याच्या बाबतीत या सीमाभागात एक विलक्षण गोष्ट घडलेली आहे. पाण्याचे वजन दोन राज्यांनी भांडून, वकील देऊन, वर्षानुवर्षे खपून ठरवून घेतले. त्याच्या प्रतीचा हिशेब मात्र दोन वेगळ्या वह्यांतच राहिला.

कृष्णेच्या पाण्याच्या वाटणीसाठी न्यायमूर्ती बचावत यांच्या अध्यक्षतेखाली १९६९ साली लवाद नेमण्यात आला. त्याने १९७३ साली अहवाल दिला आणि १९७६ साली अंतिम निर्णय झाला. महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० व त्या वेळच्या आंध्र प्रदेशास ८०० अब्ज घनफूट असा तो वाटा होता. पुढे २००४ साली दुसरा लवाद आला. या सर्व खटाटोपाचा गाभा ‘किती’ हा होता. ‘कसे’ या प्रश्नाकडे कायदेमंडळाचे लक्षच नव्हते असे मात्र नाही. १९५६ साली संसदेने नदी मंडळांचा कायदा केला. आंतरराज्य नद्यांसाठी सल्लागार मंडळे नेमावीत आणि पाणी दूषित होऊ न देणे हेही त्यांच्या कामात असावे, अशी त्यात योजना होती. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि आपल्या नद्यांवर सीमारेषा आली. सीमारेषा नकाशावर लगेच उमटली. त्या कायद्याखाली मात्र देशात एकही नदी मंडळ आजपर्यंत स्थापन झालेले नाही.

आता आपल्या नद्यांकडे पाहू. वेदगंगा सह्याद्रीत उगम पावून गारगोटी व मुरगूडवरून निपाणीजवळ यमगर्णीस येते. तिला पोटात घेऊन दूधगंगा चिकोडी तालुक्यात कृष्णेला मिळते. हिरण्यकेशी आंबोलीकडून निघून आजरा, गडहिंग्लज करीत संकेश्वरास येते व पुढे घटप्रभेत जाते. पंचगंगा कोल्हापूर व इचलकरंजीच्या परिसराचे सर्व काही घेऊन नरसोबाच्या वाडीस कृष्णेत मिसळते आणि ती कृष्णा राजापूरचा बंधारा ओलांडून कर्नाटकात प्रवेश करते. म्हणजे उगम एका राज्यात व वापर दुसऱ्या राज्यात, ही येथील बहुतेक नद्यांची जन्मकुंडली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ दूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तीत महाराष्ट्राचे ५३ व कर्नाटकाचे १७ पट्टे होते. महाराष्ट्राच्या यादीत पंचगंगा आहे. कर्नाटकाच्या यादीत कृष्णेचा जो पट्टा आहे तो येडूरवाडीपासून तिंथणी पुलापर्यंतचा. येडूरवाडी म्हणजे आपल्याच चिकोडी तालुक्याचा, नदी कर्नाटकात शिरते तेथला काठ. दुखणे सीमेच्या दगडापाशी सुरू होते असे कागद म्हणतो. नदीला तो दगड ठाऊक नाही.

ही प्रत मोजतो कोण? महाराष्ट्राने १९६९ साली स्वतंत्र कायदा करून ७ सप्टेंबर १९७० रोजी आपले मंडळ स्थापन केले. केंद्राचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९७४ साली आला व त्याच वर्षी २१ सप्टेंबरला कर्नाटकाचे मंडळ अस्तित्वात आले. हवेचा कायदा १९८१ सालचा. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षणाचा व्यापक कायदा झाला. आज बेळगावचे प्रादेशिक कार्यालय कर्नाटक मंडळाचे, तर कोल्हापूरचे महाराष्ट्र मंडळाचे आहे. ही मंडळे केवळ सरकारी अधिकाऱ्यांची नाहीत, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना नवी वाटेल. १९७४ च्या कायद्याच्या चौथ्या कलमानुसार राज्य मंडळावर स्थानिक संस्थांचे पाचपर्यंत प्रतिनिधी असतात. शिवाय शेती, मत्स्यव्यवसाय, उद्योग वा व्यापार यांच्या हिताचे प्रतिनिधी म्हणून तीनपर्यंत बिनसरकारी सभासद नेमता येतात. ‘व्यापार’ हा शब्द कायद्यात स्पष्ट आहे.

नदीच्या पाण्याची प्रतवारी पाच वर्गांत केली जाते. केवळ जंतुनाशक घालून पिता येईल ते पाणी पहिल्या वर्गाचे, स्नानास योग्य ते दुसऱ्या, नेहमीची शुद्धीकरणाची प्रक्रिया करून पिण्याजोगे होईल ते तिसऱ्या, माशांना मानवेल ते चौथ्या आणि शेतीला व कारखान्यातील यंत्रे थंड करण्यास चालेल ते पाचव्या वर्गाचे. या प्रतवारीत ज्या मापाला सर्वांत मान आहे त्यास इंग्रजी आद्याक्षरांवरून बी. ओ. डी. म्हणतात. अर्थ सोपा आहे. पाण्यात मळी, मैला, उष्टे-खरकटे असे काही सडण्याजोगे पडले की सूक्ष्म जंतू ते खाऊन पचवितात, आणि पचविताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. एक लिटर पाण्यातील घाण पचविण्यास जितका प्राणवायू लागेल तितका त्या पाण्याचा बी. ओ. डी. हा आकडा ३ मिलिग्रॅमच्या वर गेला की नदीपट्टा दूषित धरतात. ३० च्या वर गेला की तो पहिल्या, म्हणजे सर्वांत निकडीच्या क्रमात जातो. पंचगंगेवर तेरवाडच्या बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण अनेकदा वाचल्या असतील. प्राणवायू संपला की मासे गुदमरतात. त्यासाठी पाण्यात प्रत्येक वेळी जहालच विष असावे लागते असे नाही. आपल्या घरोघरी पाणी गाळून घेण्याची जुनी व चांगली रीत आहे. परंतु गाळण्याच्या दुहेरी वस्त्रात अडकते ते दिसणारे. विरघळलेले त्यातून निसटते. म्हणून वस्त्राच्या पुढचे काम प्रयोगशाळेवर येते.

आणि येथेच एक अडचण आहे. बी. ओ. डी. ची तपासणी २७ अंश उष्णतेत तीन दिवस चालते. बाटली प्रयोगशाळेत तीन दिवस राहते, नदी तीन दिवस थांबत नाही. निकाल हाती येतो तेव्हा ज्या पाण्याचा तो निकाल, ते पाणी दुसऱ्या राज्यात जाऊन पोहोचलेले असते. यावर उपाय म्हणून केंद्रीय मंडळाने २०१४ साली साखर कारखाने, मद्यार्क कारखाने यांसह १७ प्रकारच्या मोठ्या प्रदूषणकारी उद्योगांना सांडपाण्याच्या मुखाशी अखंड मोजणारी यंत्रे बसवून त्यांचे आकडे थेट मंडळाकडे पाठविण्याचा आदेश दिला. यंत्र बसविले म्हणजे काम झाले असे नाही. काट्याला जशी वेळोवेळी वजनमापाची मोहोर लागते, तशी या यंत्रांचीही पारख करावी लागते, आणि ती वेळच्या वेळी झाली नाही तर आकड्यांच्या राशी निरर्थक होतात.

ज्यांचे स्वतःचे कारखाने, रंगशाळा, तेलगिरण्या वा दूधप्रक्रिया केंद्रे आहेत त्यांनी १९७४ च्या कायद्याचे एकविसावे कलम एकदा अवश्य वाचावे. त्यात नमुना घेण्याचा विधी दिलेला आहे, आणि तो बाजारातील नमुन्याच्या रीतीशी इतका जुळतो की व्यापारी माणसास परका वाटू नये. मंडळाचा अधिकारी सांडपाण्याचा नमुना घेतो तेव्हा त्याने तेथल्या तेथे मालकास लेखी सूचना दिली पाहिजे. मालकाच्या अथवा त्याच्या माणसाच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करावेत, दोन्ही भांड्यांवर खूण करून ती मोहोरबंद करावीत आणि त्यांवर उभयतांच्या सह्या व्हाव्यात. एक भांडे मंडळाच्या प्रयोगशाळेत जाते. मालकाने मागणी केली तर दुसरे भांडे राज्य सरकारने त्यासाठी ठरविलेल्या स्वतंत्र प्रयोगशाळेत पाठवावे लागते. दोन निकालांत फरक पडला तर स्वतंत्र प्रयोगशाळेचा निकाल प्रमाण मानला जातो. खर्च अर्थातच मागणाऱ्याचा. हा विधी पाळला गेला नाही तर तो निकाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. पण यात एक मेख आहे. दोन भाग करा, असे मालकाने तेथे हजर राहून म्हणावे लागते. न म्हटल्यास एकच भांडे भरले जाते. आणि अधिकारी आल्याचे कळताच मालक मुद्दाम मागच्या दाराने निघून गेला, तर अधिकारी एकट्याच्या सहीने नमुना पाठवून तसे पृथक्करण करणाऱ्यास लेखी कळवितो. साहेब आले की शेटजी गावाला गेले, ही जुनी युक्ती येथे मालकाच्याच अंगावर येते. आपल्या पेढीवर व्यवस्थापक वा मुनीम जो कोणी असेल, त्यास हे कलम समजावून ठेवणे हे विम्याचा हप्ता भरण्याइतकेच गरजेचे आहे.

उद्योग सुरू करण्यापूर्वी व चालवीत असता मंडळाचे संमतिपत्र लागते. केंद्रीय मंडळाने २०१६ साली उद्योगांचे लाल, नारिंगी, हिरवा व पांढरा असे वर्ग केले. २०२५ साली त्यांची फेररचना होऊन कचरा-प्रक्रियेसारख्या आवश्यक सेवांसाठी निळा वर्ग वाढविण्यात आला. आपला धंदा कोणत्या रंगात बसतो हे जुन्या कागदावरून न ठरविता नव्या यादीवरून पाहावे. संमती नाकारली गेली तर तीस दिवसांत अपील करता येते. मंडळास कारखाना बंद करण्याचा, एवढेच नव्हे तर त्याची वीज व पाणी तोडविण्याचाही अधिकार १९८८ च्या दुरुस्तीने मिळालेला आहे. २०१९ साली केंद्रीय मंडळाने भरपाईचे एक सूत्रही मांडले. प्रदूषणाचा अंक, उल्लंघनाचे दिवस, रुपयांचा दर, कारखान्याचा आकार आणि गावाची लोकसंख्या यांचा तो गुणाकार आहे. लाल वर्गातील लहान कारखाना, दहा लाखांखालील वस्ती आणि तीस दिवसांचा दोष असे धरले, तर ८० गुणिले ३० गुणिले २५० गुणिले अर्धा, म्हणजे तीन लाख रुपये होतात. सांडपाण्याचा पंप नादुरुस्त आहे, पुढच्या महिन्यात पाहू, असे म्हणणाऱ्याने हा गुणाकार खतावणीच्या समासात मांडून ठेवावा.

आपल्या परिसरात साखर हा मोठा उद्योग असल्याने त्याचे दोन आकडे देतो. २०१६ च्या नियमानुसार एक टन ऊस गाळताना २०० लिटरपेक्षा अधिक सांडपाणी बाहेर पडता कामा नये. म्हणजे रोज पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यास दिवसाला दहा लाख लिटरची मर्यादा आली. ते नदीत सोडावयाचे तर त्याचा बी. ओ. डी. ३० च्या आत, व शेतात द्यावयाचे तर १०० च्या आत असला पाहिजे. मळीपासून मद्यार्क काढताना जे काळे पाणी उरते ते एका लिटर मद्यार्कामागे आठ ते पंधरा लिटर असते, आणि त्याचा बी. ओ. डी. चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जातो. ३० आणि ४०,००० यांतील अंतर ज्याने एकदा मनात घेतले, त्यास एका रात्रीच्या चोरट्या सोडवणुकीने कोसांवरचे मासे का मरतात हे निराळे सांगावे लागणार नाही.

तथापि सगळा दोष चिमण्यांच्या माथी मारणे सोयीचे असले तरी खरे नाही. नद्यांना जाणाऱ्या घाणीचा मोठा भाग गावांच्या मैलापाण्याचा असतो, आणि ते आपल्या सर्वांच्या मोऱ्यांतून निघते. बेळगाव शहराचे सांडपाणी बळ्ळारी नाल्यातून मार्कंडेय नदीस जाते. पावसाळ्यात हा नाला शहापूर-वडगावच्या शिवारातील भातशेतीत शिरतो, आणि ज्या शिवारातील बासमतीचा सुवास बेळगावचे भूषण समजला जात असे तेथे निराळाच वास पसरतो. मार्कंडेय पुढे घटप्रभेस मिळते. सांडपाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प हलग्यास उभारावयाचा ठरला, तेव्हा जमिनीवरून शेतकऱ्यांशी दीर्घकाळ वाद चालला. शहराची घाण शुद्ध व्हावी हे सर्वांस मान्य. ती कोणाच्या पिकत्या जमिनीवर शुद्ध व्हावी, या प्रश्नाला आजही सोपे उत्तर नाही, आणि शेतकऱ्याचे म्हणणे केवळ हट्ट म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली, हजारो आजारी पडले व मृत्यूही झाले. पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळले की काय होते, ते पाहण्यास सीमाभागातील माणसास दूर जावे लागले नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या मुली-बहिणी त्या गावी दिलेल्या आहेत.

हवेविषयी थोडक्यात. बेळगावची ओतशाळांची परंपरा मोठी आहे आणि उद्यमबागेने तिला देशभर नाव मिळवून दिले. तासाला तीन टनांपेक्षा कमी धातू वितळविणाऱ्या भट्टीच्या धुरात घनमीटरमागे ४५० मिलिग्रॅम धूलिकण चालतात, त्याहून मोठ्या भट्टीस मात्र १५० चीच सवलत आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात २०१९ साली कर्नाटकाची बंगळूर, दावणगेरे, हुबळी-धारवाड व कलबुर्गी ही शहरे घेतली गेली, बेळगाव त्यांत नव्हते. कोल्हापूर व सांगली मात्र महाराष्ट्राच्या यादीत आहेत. यादीत नसणे म्हणजे हवा निर्मळ असणे नव्हे. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायका दिवसभर जी हवा छातीत घेतात ती शहराच्या सरासरीत दिसत नाही.

किरकोळ दुकानदारांसही सीमेचा अनुभव आलेला आहे. कर्नाटकाने ११ मार्च २०१६ रोजी प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली, महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी. मधली दोन वर्षे कागलास चालणारी पिशवी कोगनोळीचा नाका ओलांडताच गुन्ह्याची ठरत होती. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून टाकण्याच्या कित्येक वस्तूंवर देशभर बंदी आली आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून पिशवीची जाडी किमान १२० मायक्रॉन ठरली. नियम दोन्हीकडे सारखा झाला की प्रामाणिक दुकानदारास किती हायसे वाटते, याचा हा लहानसा दाखला.

मोठा कारखाना नव्याने येतो अथवा वाढविला जातो तेव्हा २००६ च्या अधिसूचनेनुसार जाहीर सुनावणीची तरतूद आहे. रोज पाच हजार टन वा अधिक ऊस गाळणारे कारखाने त्या अधिसूचनेत येतात. सुनावणीची सूचना तीस दिवस आधी वर्तमानपत्रांतून द्यावी लागते. प्रकल्पाच्या परिणामांचा अहवाल जिल्हाधिकारी कचेरी, जिल्हा पंचायत इत्यादी ठिकाणी पाहावयास ठेवला जातो व त्याचा सारांश स्थानिक भाषेत मिळतो. सुनावणीचे अध्यक्षस्थान जिल्हाधिकारी वा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी घेतात. अशा सभांना शेतकरी येतात, कार्यकर्ते येतात, कारखान्याचे वकील येतात. व्यापारी मंडळी बहुधा दुकानात असतात. नदीच्या खालच्या अंगास कोणती गावे पाणी पितात, उन्हाळ्यात प्रवाह किती उरतो, काळे पाणी साठविण्याची टाकी किती दिवसांची आहे, हे तीन प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाही.

तक्रार न्यायासनापर्यंत न्यावयाची झाल्यास २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे. पण तेथेही सीमारेषा आडवी येते. कर्नाटकाचे प्रकरण चेन्नईच्या पीठाकडे आणि महाराष्ट्राचे पुण्याच्या. एकाच पंचगंगेच्या पाण्याने पीडलेला शिरोळचा शेतकरी पुण्यास जाणार आणि येडूरचा शेतकरी चेन्नईस. दोन राज्य मंडळांत वाद झाल्यास तो मिटविण्याचे काम १९७४ च्या कायद्याने केंद्रीय मंडळाकडे दिले आहे, तेव्हा मार्ग अगदीच बंद नाही. तो लांबचा आहे इतकेच.

याहून जवळचा मार्ग त्याच कायद्याच्या तेराव्या व चौदाव्या कलमांत आहे, आणि प्रस्तुत लेखकास सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच. लगतची राज्ये आपसांत करार करून संयुक्त मंडळ स्थापू शकतात. खर्च कोणी किती सोसावयाचा हे करारात ठरवावयाचे व तो करार दोन्हीकडच्या राजपत्रांत प्रसिद्ध करावयाचा. कृष्णेच्या या भागात आज दोन्ही राज्यांची स्वतंत्र मंडळे आपापल्या काठावर आपापले नमुने घेतात. राजापूरच्या बंधाऱ्यावरील आणि येडूरवाडीच्या काठावरील एकाच दिवसाची बाटली एकाच प्रयोगशाळेत, एकाच वहीत नोंदली जाण्याची व्यवस्था संयुक्त मंडळाने होऊ शकेल. असे करार या दोन राज्यांना जमत नाहीत असेही नाही. दूधगंगेवरील काळम्मावाडीचे धरण हा महाराष्ट्र व कर्नाटक यांचा संयुक्त प्रकल्प आहे. पाणी अडविण्यासाठी, म्हणजे पुन्हा वजनासाठीच, दोन्ही सरकारे एका मेजाभोवती बसली होती. चौदाव्या कलमात संयुक्त मंडळाची घटनाही दिलेली आहे. अध्यक्ष केंद्र सरकारने नेमावयाचा, प्रत्येक राज्याचे दोन अधिकारी घ्यावयाचे, प्रत्येक राज्यातील स्थानिक संस्थांचा एक प्रतिनिधी घ्यावयाचा, आणि शेती, मत्स्यव्यवसाय, उद्योग वा व्यापार यांच्या वतीने प्रत्येक राज्याचा एक बिनसरकारी सभासद. कोल्हापूर, जयसिंगपूर व इचलकरंजीच्या व्यापारी संघटना एका बाजूस आणि निपाणी, चिकोडी, संकेश्वर व बेळगावच्या दुसऱ्या बाजूस, यांच्यात माल, उधारी व सोयरीक यांचे व्यवहार सीमा न मानता चालूच आहेत. अशा मंडळाची लेखी मागणी दोन्ही राज्य सरकारांकडे एकाच मसुद्याने जाऊ शकते. मसुदा मराठीत, कन्नडमध्ये व इंग्रजीत असावा, आणि त्याच्या प्रती दोन्ही मंडळांच्या सदस्य-सचिवांना व केंद्रीय मंडळास धाडाव्यात.